या घरात आधी कोण राहत होतं?

जुन्या घरात राहायला गेलेल्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. भिंतीचा पोपडा निघतो आणि आतून निळीचा रंग दिसतो. माळा आवरताना एखादा तांब्या सापडतो, त्यावर भलत्याच कुणाचं नाव कोरलेलं असतं. ही माणसं कोण होती, कुठून आली, कुठं गेली?

इंग्लंड-अमेरिकेत अशा माणसाला एक सरळ वाट आहे. तो जुन्या जनगणनेचे कागद मागतो. अमेरिकेत घरोघरचे कागद ७२ वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. १९५० सालचे एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं थांबावं लागतं. १९२१ सालचे जानेवारी २०२२ मध्ये आले. रस्ता, घर, त्याखाली कर्त्याचं नाव, मग बायको, मुलं, भाडेकरू, घरातली मोलकरीण, प्रत्येकाचं वय आणि धंदा. अर्थात तिथंही सगळं टिकलेलं नाही. इंग्लंडचे १९३१ चे कागद १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळाले, आणि १९४१ ची मोजणी युद्धामुळं झालीच नाही. म्हणजे १९२१ नंतरची थेट १९५१.

मी थोडंफार मोडी वाचतो, घरात उर्दू ऐकत वाढलो, त्यामुळं लोक जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतले बरेच जण विचारतात, आपल्याकडे जुनी जनगणना पाहून घरातली माणसं शोधता येतील का? सरळ उत्तर आहे, नाही. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर मोजणी होत आली, १९४१ च्या युद्धकाळातही झाली. पण आकडे काढून झाले की घरोघरच्या चिठ्ठ्या जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. वर १९४८ चा जनगणना कायदा आहे. त्याचं १५ वं कलम सांगतं की हे कागद कुणालाही पाहायला मिळणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. हे कलम वाईट नाही. माणूस प्रगणकाला खरं सांगतो ते या भरवशावरच. पण त्याची किंमत अशी, की माणसं मोजली गेली आणि त्यांची नावं हरवली.

यावर आपली भाषाच काही सांगते. पेशवाईत शहरांची आणि कसब्यांची मोजणी व्हायची, तिला खानेसुमारी म्हणत. शब्द फारसी. खाना म्हणजे घर, कारखाना-तोफखान्यातला. आणि शुमार म्हणजे गणती. आपण 'सुमारे' म्हणतो, 'बेसुमार' म्हणतो, ते त्याच घरातले शब्द. घरपट्टी बसवायची तर आधी घरं मोजायला हवीत, म्हणून खानेसुमारी. इंग्रजी आमदानीत रूढ झाला तो शब्द शिरगणती. मोजायचं घर नव्हे, डोकं. आमच्या आजीच्या तोंडी मर्दुमशुमारी असायचं, मर्दुम म्हणजे माणसं. गंमत अशी की पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्या जुन्या याद्या आहेत त्यांत घरासमोर निदान मालकाचं नाव तरी सापडू शकतं. शिरगणतीच्या छापील ग्रंथांत लाखो शिरं आहेत, पण चेहरा एकालाही नाही.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून तुम्हाला मुरबाड तालुक्यात सिद्धगडाखाली घेऊन जातो. म्हसा, नारिवली, पुढं बोरवाडी, आणि मग सह्याद्रीच्या भिंतीला खेटून उभा असलेला गड. त्याच्या माचीवर नारमातेचं देऊळ आहे आणि तिथं पिढ्यान् पिढ्या वस्ती होती. भोवतालचं जंगल १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात मोडतं. महाराष्ट्राला सिद्धगड ठाऊक आहे तो २ जानेवारी १९४३ मुळं. माथेरानचे भाई कोतवाल, त्यांचा आझाद दस्ता, मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीला आणणारी ती पोरं. या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळीबारात मारले गेले. स्मारक आहे, दर वर्षी लोक जमतात.

आता कुणी म्हणेल, त्या वेळी या गडाच्या अंगाखांद्यावर कोण राहत होतं ते पाहू. घटनेच्या आधी दोन वर्षंही झाली नव्हती तोच, १ मार्च १९४१ ला, शिरगणती झाली होती. दारावर आकडे पडले असतील, नावं लिहिली गेली असतील. पण युद्धामुळं त्या सालच्या तक्त्यांनाही कात्री लागली. हुतात्म्यांची नावं दगडावर कोरली गेली. ज्या झोपड्यांच्या शेजारून ती माणसं गेली असतील त्या झोपड्यांत कोण होतं, याची कागदावर खूण नाही.

मग उरतं काय? एक म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. १९५१ पासून ती निघते. गावाचं नाव, घरं किती, माणसं किती, शिकलेले किती, अनुसूचित जमातींचे किती. ठाणे जिल्ह्याच्या पुस्तिकांत मुरबाड तालुक्याची गावं ओळीनं सापडतात. फक्त एक लक्षात ठेवायचं. पुस्तिका मोजते ते महसुली गाव. आपल्याकडे डोंगराखाली माणूस राहतो वाडीत, पाड्यात. एका गावाला चार-सहा वाड्या, त्यांतली एक ठाकरांची, एक कातकऱ्यांची, एक कुणब्यांची. या सगळ्या गावाच्या एका आकड्यात मीठ पाण्यात विरघळावं तशा विरघळून जातात. आणि दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक मोजणीला नंबर नव्यानं पडतात. १९५१ चं १४ नंबरचं घर १९६१ ला १४ असेलच असं नाही. कारवीच्या कुडाचं घर तर काही वर्षांनी उतरवून शेजारी पुन्हा उभं केलं जातं. कागदावर ते एकच घर की दोन, हा प्रश्नच आहे.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी मोजणीच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव एक वही उतरवून काढली गेली. तिचं नाव राष्ट्रीय नागरिक नोंदवही. घरं क्रमानं, आणि प्रत्येक घराखाली राहणाऱ्यांची नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पोटापाण्याचा धंदा. म्हणजे आपल्याला हवी होती तीच गोष्ट. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासायच्या महसुली कागदांच्या यादीत या वहीचंही नाव होतं. तुमच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात ती टिकली असेल की वाळवीच्या पोटात गेली असेल, ते जाऊनच पाहावं लागतं. नकलेचा अर्ज करावा. माहितीच्या अधिकारात विचारावं.

याच वहीवर आसामात काय घडलं हेही सांगायला हवं. तिथं नव्या नोंदवहीसाठी १९५१ ची वही हा एक पाया धरला गेला. ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी लागली तेव्हा १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. आजोबाचं नाव एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरं, एवढ्यावरून घरंच्या घरं हवालदिल झाली. त्यामुळं माझ्यासारखं नाव असलेला माणूस ही वही उघडतो तेव्हा कुतूहलाबरोबर जरा धाकधूकही असते. हे बोलून टाकलेलं बरं.

तिसरी वाट महसूल खात्याची, आणि खरी मजा तिथं आहे. आपल्याला वाटतं सातबारा काढला की झालं. पण सातबारा शेताचा. गावठाणातल्या घराचा धागा धरायचा तो ग्रामपंचायतीच्या नमुना आठपासून, म्हणजे घरपट्टीच्या वहीपासून. मोठ्या गावाला सिटी सर्व्हेचा उतारा असतो. लहान गावांना तो नव्हताच, अलीकडे ड्रोननं गावठाणं मोजून तसे उतारे देण्याचं काम सुरू झालं. घरपट्टीतलं जुनं नाव घेऊन मग फेरफाराच्या नोंदवहीत शिरायचं. कोण मयत झालं, वारस कोण लागले, कुणी हक्क सोडला. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या आगेमागे कुळांची नावं एकदम रांगेनं दिसतात. तोवर जी माणसं कसत होती पण कागदावर कुठं नव्हती, ती तिथं पहिल्यांदा उभी राहतात.

रेडिओवर कागद दाखवता येत नाही, म्हणून त्यातली भाषा तेवढी ऐकवतो. जुन्या नोंदीत दोन नावांच्या मध्ये 'वलद' किंवा 'बिन' असतं. गणू बिन राघू, सखाराम वलद गोविंदा. दोन्ही शब्द अरबी, अर्थ अमक्याचा मुलगा. पिढ्यान् पिढ्या पाटील-कुळकर्ण्यांच्या कागदांत ते नांदले आणि कुणाला खटकले नाहीत. बाईच्या नावापुढं 'कोम' किंवा 'मर्द' येतो, पुढं नवऱ्याचं नाव. 'काशी मर्द राघो' असं वाचून एक कॉलेजचा मुलगा बुचकळ्यात पडला होता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला आणि पोरं लहान होती, हे त्या तीन अक्षरांत कळतं. आणि 'सा. दे.' म्हणजे साकिन देह, याच गावचा राहणारा. फारसीत देह म्हणजे गाव. मराठीत देह म्हणजे शरीर. तलाठ्यानं काही कविता करायची म्हणून लिहिलेलं नाही, पण मी तो शब्द दर वेळी दोन्ही अर्थांनी वाचतो.

घर विकलं-घेतलं गेलं असेल तर खरेदीखतातली चतुःसीमा वाचावी. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची पडवी. आपल्या घराचं खत सापडलं नाही तरी शेजाऱ्याच्या खतात आपलं घर सीमा म्हणून सापडतं, राहणाऱ्याच्या नावासकट. शाळेचं जनरल रजिस्टर बघावं. जन्म-मृत्यूची गाव नमुना चौदाची जुनी वही, जिला कोतवाल बुक म्हणतात, ती मागावी. तिथं जगून गेलेली माणसं तर असतातच, चार दिवसांत गेलेली बाळंही असतात, जी दुसऱ्या कुठल्याच कागदात येत नाहीत.

पण या सगळ्या वह्यांची एक खोड आहे. त्या जमिनीमागं आणि करामागं चालतात. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याची झोपडी दुसऱ्याच्या मालकीत किंवा जंगलाच्या हद्दीत आहे, तो त्यांत येत नाही. भाडेकरू येत नाही. ठाणे-रायगडमधल्या कातकरी वाड्या किती तरी ठिकाणी अशाच परक्या जागेवर वसलेल्या. शिरगणतीनं त्यांना मोजलं खरं, कारण तिला डोकी हवी होती. बाकीच्या कागदांनी त्यांना पाहिलंच नाही.

आणि नेमकं इथंच 'या घरात कोण राहत होतं' हा प्रश्न हौसेचा राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांना राहत्या-कसत्या जागेचा हक्क दिला. आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जागा तुमच्या ताब्यात असल्याचं दाखवा. आदिवासी नसाल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तुमचं इथं वास्तव्य होतं हे दाखवा. मागं मोजा. तारीख येते १३ डिसेंबर १९३०. आणि त्या वेळची शिरगणती झाली २६ फेब्रुवारी १९३१ ला. अवघ्या अडीच महिन्यांचं अंतर! त्या रात्रीची एक चिठ्ठी हाती असती तर किती कुटुंबांचं काम झालं असतं. आहे तो फक्त आकडा.

कायद्याच्या नियमांना ही अडचण माहीत असावी. २००८ च्या १ जानेवारीला लागू झालेल्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड हे तर आहेच. त्याशिवाय जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ चालते, घर-झोपडीच्या खुणा चालतात, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. शिरगणतीनं 'इथं वस्ती होती' एवढं सांगावं आणि म्हाताऱ्या माणसानं त्या आकड्यात नावं भरावीत, अशी ही जोडणी आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते. कागद आणि जीभ यांना एका ओळीत बसवणारे नियम आपल्याकडे किती आहेत?

२०१० च्या आसपास दावे भरण्याच्या दिवसांत मी सिद्धगडाखालच्या एका वाडीत दोन-तीनदा गेलो होतो, कागद वाचायला. एका बिगर-आदिवासी कुटुंबाचा दावा अडला होता. घर चौकटीसकट जुनं, पण १९५० च्या मागं एकही कागद नाही. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव होतं, आजाचं कुठंच नव्हतं. जबाब द्यायला शेजारची ठाकरांची आजी आली. वय विचारलं तर हसली. मग तिनंच खूण दिली. गडाखाली गोळ्या चालल्या त्या दिवशी आईनं तिला घराबाहेर पडू दिलं नव्हतं आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. म्हणजे पाच-सहा वर्षांची तरी असेल. तारीख आम्हाला ठाऊक होती, २ जानेवारी १९४३. त्या थंडीत शेजारच्या घरात कोण कोण होतं, असं विचारल्यावर तिनं बोटं मोडत नावं सांगितली. म्हातारा आजा, त्याच्या दोन बायका, तीन मुलगे, थोरल्याची बायको आणि पाळण्यातला नातू. तो नातू म्हणजेच दावा करणारा, तेव्हा सत्तरीकडे झुकलेला. आजाचे केस तेव्हा पांढरे होते आणि घराची मेढ त्यानंच रोवली, हे ती बापाकडून ऐकत आली होती.

कार्यकर्त्यानं सगळं लिहून वाचून दाखवलं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, एक राहिलं. त्यांची धुरपी लिव." ही धुरपी कोण? आजाची आंधळी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, तिथंच राहून तिथंच मेली. दाव्याला तिचा काही उपयोग नव्हता. कार्यकर्ता पोरगा हुशार होता, त्यानं वाद घातला नाही, खाली आणखी एक ओळ लिहिली. तो कागद ग्रामसभेत वाचला गेला, मंजूर झाला आणि वरच्या समितीकडे गेला.

आता पुढच्या जनगणनेचं. २०२१ ची मोजणी लांबली. १६ जून २०२५ ला नवी अधिसूचना निघाली. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६, माणसं मोजायला फेब्रुवारी २०२७, आणि हिशेबाचा क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र, असं ठरवलं गेलं. मोजणी मोबाइलवर, जातही विचारायची, आणि ज्याला जमेल त्यानं आपली माहिती आपणच भरायची सोय. नावांची गुप्तता तीच, कलम तेच.

आणि महिनाही तोच, जो १९३१ ला होता आणि १९५१ लाही. फेब्रुवारीत मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांत माणूस कमीच सापडतो. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बाजूला, आणि आगोटीला परततात. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथं असेल तिथं मोजला जातो, असा नियम आहे. त्यांची डोकी भट्टीच्या गावात धरली जातात. वाडीतलं दार त्या दिवसांत ओढून घेतलेलं असतं, कडीला काठी अडकवलेली.